आत्याच्या गाण्यांनी सुरू होणारा कॉम्प्युटर

आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यांपैकी एक मी गावच्या वाचनालयासाठी मागून घेतला. रीतसर अर्ज केला, साहेबांनी सही केली, आणि एका रविवारी तो माझ्या मांडीवर बसून बोईसरहून रिक्षाने गावाला निघाला. मॉनिटर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी धरला होता. त्या कुठल्या, कोणाच्या, मला काही ठाऊक नाही. पण उतरेपर्यंत त्यांनी तो तान्ह्या मुलासारखा सांभाळला.

मी राहते सरावलीला. औषधांच्या कारखान्यात कच्चा माल तपासायचं माझं काम. नवरा त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात आहे. माझं माहेर मात्र तारापूरच्या पुढे समुद्रकाठी, आणि तिथे समाजमंदिराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे: चार कपाटं, दोन बाकं, एक टेबल आणि काका.

हे काका माझे सख्खे कोणी नाहीत, सगळ्या गावाचेच काका आहेत. नोकरीभर त्यांनी वीजकेंद्रातले पंप आणि झडपा सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर वाचनालय हाती घेतलं, पण सवयी त्याच राहिल्या. काहीही केलं की वहीत नोंद, पुढे वेळ, खाली सही. दाराच्या बिजागरीला तेल घातलं तरी नोंद. कॉम्प्युटर टेबलावर ठेवल्या ठेवल्या त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "याचं वजन किती असेल गं?"

मूळचं विंडोज त्या जुन्या जिवाला पेलत नव्हतं. सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की काका तेवढ्यात खोली झाडून काढत. म्हणून मी त्याऐवजी लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी यंत्रणा घालायचं ठरवलं. आमच्या कारखान्यात उपकरणं दुरुस्त करणारे एक सहकारी आहेत, बिहारचे. त्यांना या गोष्टींचा भारी नाद. त्यांनी मला एका पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून दिलं आणि सांगितलं, "दीदी, डरना नहीं. जो पूछे, पढ़ के जवाब देना."

नेमकं तेच मी केलं नाही. मी वाचलं, पण घाईत वाचलं. आई जेवायला हाका मारत होती, आणि त्या दिवशी घरी ओल्या बोंबलांचं कालवण होतं.

त्या दुपारी कॉम्प्युटरला एक नाही, दोन पेन ड्राइव्ह लावलेले होते. एक सहकाऱ्यांचा, लिनक्सवाला. दुसरा लाल रंगाचा, माझा. त्यात माझ्या आत्याची गाणी होती.

आत्याबद्दल सांगायला हवं. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात हळदीपासून सगळ्या विधींना गाणी म्हणणारी जी जाणती बाई असते, ती धवलारीण. आत्या शाळेत गेली नाही, पण शेकडो ओळी तिला पाठ आहेत, आणि कुठल्या विधीला कुठली ओळ, यात तिची कधी गफलत होत नाही. गेली दोन वर्षं मी सुट्टीला आले की तिच्या ओटीवर बसून तिची गाणी फोनवर रेकॉर्ड करत असे. फोन भरला तशी ती सगळी लाल पेन ड्राइव्हवर टाकली. त्या दिवशी ती कॉम्प्युटरवर उतरवायची म्हणून तो आधीच लावून ठेवला होता.

लिनक्स घालताना एके ठिकाणी प्रश्न येतो: बूट लोडर कुठे ठेवू? बूट लोडर म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. बाकीची यंत्रणा कुठे आहे ते त्यालाच माहीत असतं. तो नसेल तर कॉम्प्युटर नुसता दिवा लावून बसून राहतो. यादीत हार्ड डिस्कचं नाव होतं, ते निवडलेलंही होतं. मी पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं, आणि बाण नेमका त्या यादीवर असल्यामुळे पानाऐवजी निवडच खाली सरकली. हार्ड डिस्कच्या जागी लाल पेन ड्राइव्ह. मी पाहिलं नाही. पुढे चला म्हटलं आणि जेवायला गेले.

संध्याकाळी कॉम्प्युटर असा झटकन सुरू झाला की काकांनी खुर्ची मागे सरकवली. "अरे वा! हा तर जवान झाला!"

गाणी उतरवायचं राहून गेलं. माझी परतायची वेळ झाली होती. पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला होता तसाच राहिला, आणि गाणी त्याच्यावरूनच वाजू लागली. काकांनी त्याच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली: काढू नये. खाली सही.

पुढचे काही महिने फार मजेत गेले. काकांनी दोन बोटांनी टाइप करत वाचनालयातल्या पुस्तकांची यादी करायला घेतली. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट, खण, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचा शेरा. एका कादंबरीपुढे त्यांनी लिहिलं होतं, "नायक फार रडतो." दुसऱ्या एका पुस्तकापुढे, "पान ६१ कोणीतरी फाडले आहे, शोध चालू." दुपारी मासळी वाळत घालून मोकळ्या झालेल्या बायका वाचनालयात यायला लागल्या. पुस्तकांसाठी नाही, गाण्यांसाठी. आणि एक दिवस आत्या आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या खोलीचा उंबरा ओलांडत होती. चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन, देवळात यावं तशी आली.

काकांनी तिचंच गाणं लावलं. आत्या बाकावर बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, ह्या बाईचा आवाज बरा हाय."

काका कधी शाळेत शिकवायला नव्हते, पण पुस्तकांत बसतात म्हणून आत्या त्यांना मास्तर म्हणते.

माघात आत्याच्या शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. तिच्या लग्नात आत्याशिवाय कोण गाणार? पण हळदीच्या दोन दिवस आधी आत्याचा घसा बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. आवाज फुटेना. घशातून नुसती हवा यायची.

मुलीची आई रडकुंडीला आली. तेव्हा आत्यानेच खुणेने सांगितलं: वाचनालयात मी हाय की!

शनिवारी सकाळी काकांनी स्वतःच्या हाताने स्वतःची चिठ्ठी सोडवली आणि पेन ड्राइव्ह काढून मांडववाल्यांना दिला. वहीत नोंद अर्थात केली: "लाल पेन ड्राइव्ह, लग्नासाठी."

मी सुट्टी काढून हळदीला गेले होते. इतकी आनंदाची हळद मी दुसरी पाहिली नाही. आत्या गळ्याला मफलर गुंडाळून नवरीच्या शेजारी पाटावर बसली, आणि दोन मोठ्या स्पीकरमधून तिचाच आवाज आला. गाणं ती ओठांनी म्हणायची, हाताने बायकांना खुणा करायची: आता तुम्ही उचला. बायका उचलायच्या. सगळं रंगात आलेलं असताना स्पीकरमधली आत्या एकदम थांबली आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगो, दार लाव आदी, मांजर शिरंल मच्छीवर!"

रेकॉर्डिंग करताना ते तसंच राहून गेलं होतं. नवरदेवाकडून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई तर खरंच उठून दाराकडे बघायला लागल्या. मग जो हशा पिकला, तो थांबेना. नवरी हळदीने माखलेल्या हातांनी पोट धरून हसत होती. आत्याला आवाज नसल्यामुळे ती बिचारी नुसती खांदे हलवत हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सोमवारी दुपारी मी कारखान्याच्या कँटीनमध्ये डबा उघडला आणि काकांचा फोन आला.

"पोरी, कॉम्प्युटर सुरू होत नाही."

"वायर बघितलीत?"

"सगळ्या बघितल्या. पंखा फिरतो, दिवा लागतो. पडद्यावर एकच इंग्रजी ओळ येते. मी वहीत उतरवली आहे, वाचू?"

त्यांनी एकेक अक्षर करून वाचली. सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असं त्या ओळीचं म्हणणं होतं. जुनी हार्ड डिस्क, बहुतेक संपली. म्हणजे काकांची यादीही संपली. एवढ्या महिन्यांचं दोन बोटांचं काम, आणि त्याची दुसरी प्रत काढून ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

पाळी सुटल्यावर घरी न जाता सरळ गाव गाठलं. काका टेबलासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, कॉम्प्युटरचा डबा उघडून हार्ड डिस्कच्या वायरी काढून घातल्या. तीच ओळ. शेवटी सांगावंच लागलं.

"काका, यादी बहुतेक गेली."

त्यांनी टेबलावरची वही मिटली. उठून खिडकी उघडली. बाहेर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, त्यांचा वास आत आला. मग म्हणाले, "परत करू. त्या निमित्ताने सगळी पुस्तकं परत चाळून होतील."

ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आत्या आली. हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा डबा. आवाज थोडा फुटला होता, घोगरा. कमरेच्या पिशवीतून तिने रुमालात गुंडाळलेला लाल पेन ड्राइव्ह काढला. "ह्यो घ्या मास्तर तुमचा. जपून आनलाय."

काकांनी तो घेतला आणि मागे जाऊन होता तिथे खोचला. काही विचार करून नव्हे. वस्तू जागेवर गेली पाहिजे, एवढंच. चिठ्ठीही चिकटवली. मी लाडू खात खात, हाताला चाळा म्हणून बटण दाबलं.

पडदा उजळला. यादी, गाणी, मागचं समुद्राचं चित्र, सगळं जिथल्या तिथे.

माझ्या तोंडात अर्धा लाडू तसाच. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि आत्याने घोगऱ्या आवाजात निकाल देऊन टाकला: "माजी गानी आयकल्याबिगर ह्यो उठत नाय."

"असं नसतं गं आत्या."

"मंग कसं असतं?"

मी पुन्हा मागच्या वायरी चाचपल्या.

काका मात्र कामाला लागले. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह काढला, सुरू केला: ओळ आली. पेन ड्राइव्ह लावला: सुरू झाला. असं त्यांनी पाच वेळा केलं आणि वहीत दोन रकाने आखून भरले. मग माझा दुसरा पेन ड्राइव्ह मागितला, ज्यात फक्त माझे फोटो होते. तो लावून पाहिला. ओळ आली.

"म्हणजे नुसता पेन ड्राइव्ह चालत नाही," काका म्हणाले. "हाच लागतो."

आत्याने पदर सारखा केला. त्यानंतर तीन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. वाचनालयात बायका-माणसं येत, काकांना म्हणत, "दाखवा की ते," आणि काका न कंटाळता दाखवत. एका आजींनी पडद्याला कुंकू लावलं. काकांनी ते पुसलं आणि नोंद केली.

मी बुधवारी कँटीनमध्ये त्या बिहारच्या सहकाऱ्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली आणि दोन मिनिटं हसले.

"दीदी, बूट लोडर गाने वाले पेन ड्राइव्ह में चला गया है. हार्ड डिस्क एकदम ठीक है."

"पर गाने तो बज रहे हैं!"

"गाने अपनी जगह हैं. बूट लोडर एकदम शुरू में, छोटी सी जगह में बैठता है. गानों को छूता भी नहीं. और आपने इन्स्टॉल करते टाइम यूएसबी को पहला नंबर दिया होगा?"

दिला होता. लिनक्सचा पेन ड्राइव्ह आधी वाचला जावा म्हणून मीच तो क्रम बदलला होता, आणि पुन्हा पूर्ववत केला नव्हता. म्हणून रोज बटण दाबलं की कॉम्प्युटर आधी आत्याच्या पेन ड्राइव्हकडे जायचा, तिथे बूट लोडर सापडायचा, तो हार्ड डिस्ककडे बोट दाखवायचा, आणि सगळं सुरळीत. मला माउसचं चाक आठवलं. इतका हलका वाटला तो दिवस! चूक माझीच होती, पण हार्ड डिस्क जिवंत होती, यादी जिवंत होती. मी तिथूनच काकांना फोन केला.

"हार्ड डिस्क ठणठणीत आहे काका. रविवारी येऊन नीट करते."

"मग मी यादी पुढे चालू ठेवू?"

"ठेवा. पेन ड्राइव्ह तेवढा काढू नका."

"त्यावर लिहिलेलंच आहे," काका म्हणाले.

रविवारी मी सकाळीच पोचले. आधी यादीच्या दोन प्रती काढल्या आणि सगळी गाणी हार्ड डिस्कवर उतरवली. मग राहून गेलेले सगळे अपडेट टाकले, त्यात बूट लोडरचीही नवी आवृत्ती आली, आणि ती एका आज्ञेने हार्ड डिस्कवर बसवली. या खेपेला डिस्कचं नाव काकांनी मोठ्याने वाचलं, मी मोठ्याने वाचलं, आणि मगच बटण दाबलं. लाल पेन ड्राइव्ह काढला. कॉम्प्युटर बंद, चालू.

सुरू झाला. पेन ड्राइव्हशिवाय.

काकांनी टाळी वाजवली. आत्या खास बघायला आली होती. ती जरा हिरमुसली. "म्हंजे आता माजी गरज नाय."

"गरज कशी नाही?" काका म्हणाले आणि तिचं मन राखायला त्यांनी पेन ड्राइव्ह परत खोचला, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला.

पडदा काळा. एक इंग्रजी तक्रार, आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' असे दोन शब्द, पुढे लुकलुकणारी रेघ.

"आता काय झालं?" आत्या पुढे वाकली. "आजपातूर माज्याबिगर उठत नव्हता, आनि आता मी आली तर रुसला?"

मी पण घाबरले. फोन लावला. सहकारी बहुधा गच्चीत कपडे वाळत घालत होते, वाऱ्याचा आवाज येत होता. त्यांनी शांतपणे समजावलं. ग्रब हे बूट लोडरचंच नाव, आणि पेन ड्राइव्हवर अजून जुनाच आहे. कॉम्प्युटर सवयीने आधी तिकडेच जातो. पण जुना आता हार्ड डिस्कवरच्या नव्या आवृत्तीच्या गोष्टी मागतो, आणि त्या त्याच्या ओळखीच्या राहिलेल्या नाहीत. तोंडं जुळत नाहीत. उपाय सोपा: कॉम्प्युटरला सांगायचं, पहिला नंबर हार्ड डिस्कचा.

मी कॉम्प्युटर सुरू होतानाच एक कळ दाबून सेटिंगचं निळं पान उघडलं आणि क्रम बदलला. काकांनी वही उघडली. पेन ड्राइव्हसकट सुरू केला: चालला. पेन ड्राइव्हशिवाय: चालला. फोटोंचा पेन ड्राइव्ह लावून: चालला. पेन ड्राइव्ह लावून गाणं वाजवलं: वाजलं. काकांनी चार ओळींपुढे चार बरोबरच्या खुणा केल्या, वेळ टाकली, आणि सहीखाली मलाही सही करायला लावली. आत्याकडेही वही सरकवली. तिने अंगठा पुढे केला, पण तिथे शाईचं पॅड नव्हतं. मग काकांनी तिच्या हातात पेन दिलं आणि तिने एक छोटा मासा काढला. डोळा, शेपटी, सगळं. तीच तिची सही.

हे सगळं झाल्यावर लोकांची गर्दी ओसरेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. गोष्ट आजूबाजूच्या गावांत पोचली होती, तीही अर्धवट. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावातून एक धवलारीण आली आणि काकांना म्हणाली, "माजी गानी घालून बघा, चालतो का." काकांनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि मला फोन केला. मी फोनवर रेकॉर्डिंग कसं करायचं ते त्यांना शिकवलं. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. एक तर डोंगराकडच्या पाड्यावरून, एसटीने, नातीला बरोबर घेऊन.

त्या सगळ्या एकत्र जमल्या त्या रविवारी मी तिथे होते. चौघीजणी दोन बाकांवर समोरासमोर बसल्या होत्या आणि नवरीला हळद लावायच्या गाण्यावरून जुंपली होती. आत्याच्या गाण्यात आधी मामा येतो, मग मामी. दुसरीच्या आणि तिसरीच्या गाण्यात मामी आधी. डोंगराकडच्या आजींच्या गाण्यात तर दोघंही नव्हते. तिथे थेट रानातली झाडं येत होती.

"मामा आदी," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता पूर्ण फुटला होता.

"मामी नाय तर हलद वाटली कोनी?" दुसरी म्हणाली.

"आमच्यात हळद वाटायला सगळा पाडा असतो," आजी शांतपणे म्हणाल्या.

काकांनी यादीत एक नवा रकाना उघडला होता आणि दोन बोटं कळांवर धरून ते वाट बघत होते. "ताई, मी लिहू काय?"

"तिन्ही लिवा," आत्या म्हणाली. मग दुसरीकडे बघून, जरा थांबून, "मामीवालं पयलं म्हन गो. चाल बरी हाय तुजी."

दुसरीने घसा साफ केला. मी फोनचं बटण दाबलं. कोणीतरी उठून दार लावून घेतलं, आणि तिने गायला सुरुवात केली.